जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ : अ‍ॅन एलियटचं ऐकतं कोण?

मैत्रेयी_वाचते

जेन ऑस्टिनचं नाव निघालं की बोलणं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या एलिझाबेथ आणि डार्सीपाशी येऊन थांबतं. मलाही ती दोघं प्रिय आहेत. पण मला विचाराल तर ऑस्टिनबाईंची सगळ्यात खोल कादंबरी ‘पर्स्वेजन’. आकाराने लहान, अवघी २४ प्रकरणं, आणि त्यांनी पूर्ण केलेली शेवटची. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे. शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा ज्यांना कोऱ्या पाटीने वाचायची आहे त्यांनी आधी पुस्तक उरकावं आणि मग इकडे यावं.

आधी गोष्ट. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात केलिंच हॉल नावाची गढीवजा हवेली आहे. मालक सर वॉल्टर एलियट, बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’ किताबाचा धनी. विधुर, पन्नाशीतही देखणा, आणि गळ्यापर्यंत कर्जात. त्याचं आवडतं वाचन म्हणजे बॅरोनेट घराण्यांच्या वंशावळीचा ग्रंथ, आणि त्यातही स्वतःच्या घराण्याचं पान. तीन मुली. थोरली एलिझाबेथ बापाच्या वळणावर गेलेली. धाकटी मेरी लग्न होऊन तीन मैलांवरच्या अपरक्रॉसला, मसग्रोव्ह कुटुंबात. मधली अ‍ॅन. वय २७.

१८०६ साली, अ‍ॅन १९ वर्षांची असताना, तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्यावर प्रेम बसलं. लग्न ठरलं. पण त्याच्याकडे ना पैसा, ना वशिला. आई लहानपणीच गेलेली, आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने अ‍ॅनची समजूत घातली आणि अ‍ॅनने लग्न मोडलं. वेंटवर्थ दुखावून निघून गेला. कादंबरी सुरू होते त्यानंतर आठ वर्षांनी, १८१४च्या उन्हाळ्यात. नेपोलियन पायउतार झालेला, लढाई थांबलेली, नौदलाचे अधिकारी पैसे कमावून किनाऱ्याला लागलेले. कर्जापायी सर वॉल्टरला हवेली भाड्याने द्यावी लागते. भाडेकरू म्हणून येतात अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट, आणि त्यांची बायको म्हणजे वेंटवर्थची सख्खी बहीण. आता तो इथे येणार हे उघड आहे.

म्हणजे दुसऱ्या कादंबऱ्या जिथे संपतात किंवा फिसकटतात, तिथून ही सुरू होते.

मला या पुस्तकात जे दिसतं ते असं : ही ऐकण्याची गोष्ट आहे. कोण कोणाचं ऐकतं, कोण कोणाचं ऐकत नाही, आणि जे आपल्याला उद्देशून बोललेलंच नाही ते कानावर पडल्यावर माणूस काय करतो. अगदी सुरुवातीलाच लेखिका सांगून टाकते की अ‍ॅनच्या शब्दाला घरात वजन नाही, नेहमी माघार तिनेच घ्यायची, ती नुसती अ‍ॅन. कर्ज फेडण्याचा सगळ्यात प्रामाणिक आराखडा तिच्याकडे आहे, तो कोणी विचारात घेत नाही. मिसेस क्ले या बाईचा सर वॉल्टरवर डोळा आहे हे तिच्या लक्षात येतं, ती थोरल्या बहिणीला सावध करते, बहीण उडवून लावते. अपरक्रॉसला गेल्यावर घरातला प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार तिच्याकडे करतो. तिचं ऐकणारं कोणी नाही, ती मात्र सगळ्यांचं ऐकून घेते.

वेंटवर्थ परत येतो तेव्हाही दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. पुस्तकाचा बराच मोठा भाग ही दोघं एकाच खोलीत आहेत आणि बोलतायत दुसऱ्यांशीच. अ‍ॅन पियानो वाजवते, बाकीचे नाचतात, आणि तिला ऐकू येतं की तो आपल्या जोडीदारणीला विचारतोय, मिस एलियट कधी नाचत नाहीत का? ती म्हणते, छे, त्यांनी नाचणं केव्हाच सोडलं. बस्स, एवढंच. त्याने विचारलं, हे तिला कळलं. कसं विचारलं असेल, या विचारात आपण अख्खं प्रकरण काढतो.

मग ते कुंपणामागचं प्रकरण. सगळे फिरायला निघालेत, अ‍ॅन दमून झुडपाच्या आडोशाला बसली आहे. पलीकडून वेंटवर्थ आणि मेरीची नणंद लुइझा मसग्रोव्ह येतात. त्याच्या हातात हेझलनट आहे. ते दाखवून तो लुइझाला सांगतो की बघ, शरदातली सगळी वादळं सोसूनही हे टणक राहिलं, माणसाचं मनही असंच ठाम हवं. बोलणं लुइझाशी, पण प्रत्येक शब्द अ‍ॅनला लागतो, कारण ठाम राहिली नाही ती तीच. आणि त्याच संभाषणात लुइझा सहज सांगून जाते की आमच्या चार्ल्सने मेरीच्या आधी अ‍ॅनला मागणी घातली होती, तिने नकार दिला. वेंटवर्थच्या आवाजात उत्सुकता येते. हेही अ‍ॅन कुंपणामागूनच ऐकते. एकाच संभाषणात त्याचा राग आणि त्याची अजून न विझलेली ओढ दोन्ही तिच्या कानावर पडतात.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग, ज्यात जवळजवळ बोलणंच नाही. अ‍ॅन आजारी भाच्याच्या कोचाशेजारी गुडघ्यांवर बसून त्याची शुश्रूषा करते आहे. वेंटवर्थ खोलीत आहे. चार्ल्स हेटर नावाचा आणखी एक गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन बसलाय. तेवढ्यात दोन वर्षांचा धाकटा भाचा, वॉल्टर, मागून येऊन अ‍ॅनच्या पाठीला चिकटतो. ती विनवते, रागावते, ढकलून बघते, काही उपयोग नाही. हेटर बसल्या जागेवरून पोराला दटावतो, उठत मात्र नाही. आणि अचानक अ‍ॅनच्या लक्षात येतं की पाठीवरचं ओझं उतरतंय. तिच्या वाकलेल्या मानेभोवतीचे ते गुबगुबीत हात कोणीतरी सोडवलेत, पोराला उचलून बाजूला नेलंय. तो वेंटवर्थ आहे हे तिला नंतर कळतं. तिच्या तोंडून आभाराचा शब्द फुटत नाही. आणि तो? तो पोराशी मुद्दाम मोठमोठ्याने खेळत राहतो, जेणेकरून तिचे आभार ऐकावे लागू नयेत. आठ वर्षांचा राग, लाज, काळजी, सगळं त्या आवाजात आहे. एका वाक्याचंही स्पष्टीकरण न देता ऑस्टिनने ते तिथे ठेवलंय.

आणि शेवट. बाथ शहरातली व्हाइट हार्ट नावाची खानावळ-मुक्कामाची जागा, मसग्रोव्ह मंडळी तिथे उतरलेली. वेंटवर्थ एका टेबलापाशी बसून पत्र लिहितोय. पत्राचा विषयही बघा. त्याचा मित्र कॅप्टन हार्व्हिल याच्या बहिणीसाठी, फॅनीसाठी, तिच्या नियोजित वराने केप ऑफ गुड होपला एका जर्मन चित्रकाराकडून स्वतःचं छोटं चित्र काढून घेतलं होतं. फॅनी वारली. आता तोच बेनविक लुइझाशी लग्न करतोय आणि ते चित्र तिच्यासाठी नव्याने मढवून घ्यायचं आहे. हार्व्हिलला ते काम करवत नाही, म्हणून वेंटवर्थ पत्र लिहून ती व्यवस्था करतोय. तिकडे खिडकीशी हार्व्हिल अ‍ॅनशी बोलतोय : फॅनी असती तर ती इतक्या लवकर विसरली नसती. पुरुष जास्त काळ प्रेम करतात की बायका, यावर दोघं बोलू लागतात. हार्व्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं, सगळी गाणी बायकांच्या चंचलपणाबद्दलच सांगतात. अ‍ॅन म्हणते, पुस्तकांचा दाखला नको, लेखणी आजवर पुरुषांच्याच हातात होती. याच बोलण्यात, थोडं आधी, वेंटवर्थच्या हातून लेखणी खाली पडलेली असते.

तो ऐकतोय. अख्ख्या कादंबरीत ती त्याचं चोरून-आडून ऐकत आली, आता पहिल्यांदा तो तिचं ऐकतोय. आणि अ‍ॅन, जिचं घरात कोणी ऐकलं नाही, ती शांतपणे म्हणते की बायकांकडे एकच मिरवण्यासारखी गोष्ट आहे, आणि तिचा हेवा करण्याचं कारण नाही : आशा संपल्यावरही त्या प्रेम करत राहतात. त्याच टेबलावर, त्याच कागदांत, तो दुसरं पत्र लिहितो. सगळे निघाल्यावर हातमोजे विसरल्याच्या निमित्ताने परत येतो, पसरलेल्या कागदांखालून ते पत्र ओढून तिच्यापुढे ठेवतो आणि जातो. त्यात तो लिहितो की मला आता गप्प राहून ऐकवत नाही.

लग्न जमवण्याच्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. पण दोन माणसांनी एकमेकांचं नीट ऐकायला शिकणं हीच ज्यातली प्रेमकथा आहे, अशी दुसरी मला माहीत नाही. तुमचं मत सांगा.


समुद्रपक्षी

सुंदर लिहिलं आहे. हेझलनटच्या प्रसंगाचा पुढचा धागा तुम्ही सोडलात तो जोडतो. ज्या लुइझाला तो ठामपणाचे धडे देतो, तीच लाइम या किनाऱ्यावरच्या गावी धक्क्यावर, तो नको म्हणत असताना, ‘मी उडी मारणारच’ म्हणते आणि डोकं आपटून बेशुद्ध पडते. त्या क्षणी तोफांच्या माऱ्यात उभा राहिलेला वेंटवर्थ ‘कोणी मदत करणारं नाही का’ म्हणून भिंतीला टेकतो, आणि भराभर सूचना देते ती अ‍ॅन. सर्जनला बोलवायला बेनविकला पाठवा, कारण त्याला गाव माहीत आहे, हेही तिलाच सुचतं. नंतर तो खालच्या खोलीत म्हणतो की अ‍ॅन थांबणार असेल तर तिच्याइतकं योग्य कोणी नाही. ते पण तिने जिना उतरताना उघड्या दारातून ऐकलेलं आहे, तुमच्या मुद्द्यात बसतं.

नौदलाबद्दल थोडं. ऑस्टिनचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, नौदलात होते आणि दोघंही अ‍ॅडमिरल पदापर्यंत पोचले. त्यामुळे यातले तपशील ऐकीव नाहीत. शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीत वाटा मिळायचा, कप्तानाचा वाटा मोठा. १८०६ साली हात हलवत गेलेला वेंटवर्थ १८१४ला २५,००० पौंडांचा धनी होऊन येतो तो असा. ‘लॅकोनिया’वर त्याने पैसा केला. पण त्याआधीचं ‘अ‍ॅस्प’ हे जहाज जुनं, मोडकळीला आलेलं होतं. तो हसत सांगतो की आम्ही प्लिमथला पोचलो आणि लगेच चार दिवस वादळ झालं, समुद्रात असतो तर बुडालोच असतो, वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या असत्या. मुली शहारतात, मोठ्याने हळहळतात. अ‍ॅन मनातल्या मनात शहारते. तो भाग मला फार लागला.

जाता जाता : चार्ल्स ऑस्टिनने १८०१ साली बक्षिसाच्या पैशातून दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले होते. ते क्रूस आज चॉटनला, ऑस्टिनच्या घराच्या संग्रहालयात आहेत.


ठाम_मत

लेख आवडला पण अ‍ॅनबद्दल इतकं हळवं होणं मला जमत नाही. १९व्या वर्षी दुसऱ्याच्या सांगण्यावरून लग्न मोडलं, त्या माणसाची आठ वर्षं गेली, आणि शेवटी सगळं जुळून आल्यावर ही बाई त्याला सांगते की लेडी रसेलचं ऐकलं ते बरोबरच केलं! हे वाक्य वाचून पुस्तक मिटावंसं वाटलं. लेडी रसेल स्वतः पुस्तकभर चुकत जाते. वेंटवर्थ उतावळा वाटला, अ‍ॅनशी लग्न करू पाहणारा तिचा नातलग मिस्टर एलियट सज्जन वाटला. दोन्ही अंदाज सपशेल चुकले. असा सल्ला बरोबर कसा?


विशाखा_सदाशिव

@ठाम_मत, सल्ला बरोबर होता असं अ‍ॅन म्हणतच नाही हो. ते प्रकरण पुन्हा काढा. ती म्हणते की सल्ला चुकीचा असू शकतो, मी स्वतः अशा परिस्थितीत कोणाला असा सल्ला देणार नाही, पण ज्या बाईने मला आईसारखं वाढवलं तिचं त्या वयात ऐकणं माझं कर्तव्य होतं, आणि न ऐकता लग्न केलं असतं तर मनाला टोचणी लागून राहिली असती. सल्ल्याची योग्यता एक आणि आज्ञापालन दुसरं. ती दोन गोष्टी वेगळ्या करते.

शिवाय त्या काळचा हिशोब मांडा. अ‍ॅनच्या वाट्याचे १०,००० पौंड कागदावर आहेत, पण बाप कर्जात, त्यातलं हाती काय येणार देव जाणे. वेंटवर्थकडे काहीच नाही, जहाजही नाही. जहाज मिळालं तर तो मरू शकतो. तेव्हा बाईला स्वतःचं कमावण्याचं साधन नाही. मुलीचं भलं पाहणाऱ्या कुठल्याही थोर बाईने ‘थांब’ म्हटलं असतं. आपल्या आज्यांनी याहून कमी कारणावरून चांगली चांगली स्थळं परत पाठवली आहेत.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. वेंटवर्थ विचारतो, १८०८ला माझ्या हाती काही हजार पौंड आले, ‘लॅकोनिया’ मिळालं, तेव्हा मी तुला पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? ती म्हणते, म्हणजे काय! आठातली सहा वर्षं त्याच्या मानीपणाने खाल्ली. तो ते कबूल करतो, लेडी रसेलपेक्षा माझा मोठा शत्रू मीच होतो असं म्हणतो. दोष वाटायचाच तर तिघांत वाटा.


ठाम_मत

१८०८चा मुद्दा मान्य. ते विसरायला झालं होतं. लेडी रसेलबद्दल मत कायम.


मैत्रेयी_वाचते

विशाखाताई, तुम्ही माझं काम सोपं केलंत. एक भर घालते. व्हाइट हार्टमध्येच, खिडकीशी ते बोलणं व्हायच्या थोडं आधी, मिसेस क्रॉफ्ट आणि थोरल्या मसग्रोव्हबाई शेजारी बसून बोलत असतात की लग्न कधी होईल याचा पत्ता नसताना नुसतं ठरवून ठेवणं वाईट, आईबापांनी ते होऊ देऊ नये. हे बोलणाऱ्या मिसेस क्रॉफ्ट वेंटवर्थच्या सख्ख्या बहिणी आहेत आणि त्यांना या दोघांचं काहीच ठाऊक नाही. अ‍ॅनला ते ऐकून चर्रकन होतं, तिची नजर आपोआप त्याच्याकडे जाते, तर त्याची लेखणी थांबलेली, मान वर, तो कान देऊन ऐकतोय. लेडी रसेलने आठ वर्षांपूर्वी जे सांगितलं तेच आज त्याची स्वतःची बहीण सांगते आहे. ऑस्टिनने लेडी रसेलची बाजू मांडायला इतकी चोख साक्षीदार दुसरी कुठून आणली असती?


कच्चा_मसुदा

शेवटाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगितली नाही. हा शेवट आधी असा नव्हताच! ऑस्टिनने ऑगस्ट १८१५मध्ये कादंबरी घेतली आणि १८ जुलै १८१६ रोजी हस्तलिखितावर ‘समाप्त’ लिहिलं. त्यात व्हाइट हार्टचा प्रसंग नव्हता, पत्र नव्हतं. वेंटवर्थ आणि अ‍ॅन क्रॉफ्ट दांपत्याच्या बिऱ्हाडी योगायोगाने भेटतात. अ‍ॅडमिरलने वेंटवर्थवर कामगिरी सोपवलेली : अ‍ॅनचं मिस्टर एलियटशी लग्न होतंय म्हणे, मग आम्ही केलिंच हॉल रिकामं करायचं का, हे तिला विचार. तो अवघडून विचारतो, ती अवघडून सांगते की तसं काही नाही, आणि दोघांची नजरानजर होऊन सगळं मिटतं.

ते ऑस्टिनला पटलं नाही. तिने ते प्रकरण काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं, ऑगस्टच्या सुरुवातीला पूर्ण केलं. तेव्हा तब्येत ढासळायला लागली होती. ‘समाप्त’ लिहिल्यापासून बरोबर वर्षाने, १८ जुलै १८१७ला, विंचेस्टरमध्ये ती वारली, वय ४१. कादंबरी डिसेंबर १८१७च्या अखेरीस ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’सोबत चार खंडांत आली, मुखपृष्ठावर साल १८१८. भाऊ हेन्रीने सोबत छोटं चरित्र जोडलं आणि त्यातून लेखिकेचं नाव वाचकांसमोर पहिल्यांदा छापून आलं.

काढून टाकलेलं ते प्रकरण मात्र टिकलं. पुतण्याने १८७१ साली आत्याच्या चरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातला भाग छापला. हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापून आलेल्या कादंबऱ्यांपैकी तिच्या हातचा मसुदा उरलेला हा एवढाच.

दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचले की मैत्रेयींचा मुद्दा अजून पक्का होतो. पहिल्या मसुद्यात अ‍ॅन फक्त प्रश्नाचं उत्तर देते. दुसऱ्यात ती स्वतःहून बोलते आणि त्याने ऐकावं लागतं. बदल नेमका तिथेच केला आहे.


मैत्रेयी_वाचते

@कच्चा_मसुदा, किती छान प्रतिसाद! शरीर थकत असताना लिहून झालेलं मोडून पुन्हा लिहायला बसणं, आणि त्यातून इंग्रजीतलं बहुधा सगळ्यात सुंदर प्रेमपत्र निघणं, याने मी प्रत्येक वेळी भारावून जाते.


निळी_शाई

१९९५चा रॉजर मिशेलचा चित्रपट पाहिला आहे का कोणी? अमांडा रूटची अ‍ॅन. सुरुवातीला ती इतकी दबलेली दिसते की तिच्याकडे लक्षच जात नाही, आणि हळूहळू चेहऱ्यावर रंग चढत जातो. पुस्तकातली अ‍ॅन माझ्या डोळ्यांपुढे तशीच आहे. लाइमच्या समुद्रवाऱ्याने तिच्या चेहऱ्यावर टवटवी येते हे पुस्तकातही आहेच.


उलट_बाजू

चांगल्या चर्चेत काही खटकणाऱ्या गोष्टीही बोलायला हव्यात.

एक, मिसेस स्मिथ. अ‍ॅनची जुनी शाळूसोबती, विधवा, आजारी, गरीब. मिस्टर एलियटचं खरं रूप अ‍ॅनला कळावं म्हणून तिला आणलंय हे फार उघड दिसतं. जुनं पत्र काढून दाखवणं वगैरे. इतक्या हलक्या हाताच्या लेखिकेला हे शोभत नाही.

दोन, डिक मसग्रोव्ह. मसग्रोव्ह कुटुंबाचा वाया गेलेला मुलगा, नौदलात मेलेला. त्याची लठ्ठ आई त्याच्या आठवणीने उसासे टाकते आणि लेखिका तिच्या शरीरयष्टीवर बोलते. मुलगा गमावलेल्या आईबद्दल हे वाचवत नाही.

तीन, सगळ्यात गंभीर. मिसेस स्मिथच्या नवऱ्याची मालमत्ता वेस्ट इंडीजमध्ये अडकली आहे, आणि शेवटी वेंटवर्थ ती सोडवून देतो. गोड शेवटाचा भाग म्हणून येतं. वेस्ट इंडीजमधली मालमत्ता म्हणजे त्या काळी गुलामांच्या श्रमावर चाललेले मळे. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ला बंद केला, पण वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३चा. कादंबरीत यावर एक शब्द नाही.


मैत्रेयी_वाचते

@उलट_बाजू, पहिल्या दोन मुद्द्यांवर मी तुमच्या बाजूने आहे. मिसेस स्मिथचं बोलणं मलाही लांबतं. डिकबद्दलचा परिच्छेद वाचताना त्रास होतो. कादंबरीवर ऑस्टिनला अजून एकदा हात फिरवायला मिळाला असता तर, असं वाटत राहतं.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल : हो, ते तिथे आहे आणि ते झाकू नये. या कादंबरीतला सगळा पैसा कुठून येतो हे विचारलं की उत्तरं कठीणच आहेत. पकडलेली जहाजं, वेस्ट इंडीजचे मळे, पूर्वेकडचे प्रवास. मिसेस क्रॉफ्ट सांगतात की मी चार वेळा अटलांटिक ओलांडला आणि एकदा ईस्ट इंडीजला जाऊन आले. तेव्हाच्या बोलण्यात ईस्ट इंडीज म्हणजे आपल्याच बाजूचे समुद्र. ऑस्टिनच्या घरात हे परकं नव्हतं. तिची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली जहाजाने मद्रासेला आली आणि पुढच्या वर्षी तिने कंपनीच्या एका सर्जनशी लग्न केलं. पैसा नसलेल्या मुलीला नवरा शोधायला इतक्या लांब पाठवत. त्यांची मुलगी एलायझा १७६१ला कलकत्त्यात जन्मली आणि पुढे जेनच्या भावाची, हेन्रीची, बायको झाली. लग्नाच्या बाजाराबद्दल ऑस्टिन जे लिहिते त्यात ही आत्या कुठेतरी असणारच असं मला वाटतं.


ब्रिस्टॉलकर

इथे राहून लाइम आणि बाथ दोन्ही पाहता आली. लाइमचा तो धक्का, कॉब, म्हणजे समुद्रात वळत गेलेली जुनी दगडी भिंत. वरून चालताना कळतं की वरचा भाग समुद्राकडे उतरता आहे. वारा असला की चालणं अवघड जातं. मंडळी वाऱ्यामुळे खालच्या भागावर उतरायला का निघाली ते तिथे उभं राहिल्यावर लगेच पटलं. खाली उतरायला जिने आहेत. एका ठिकाणी तर भिंतीतून नुसते दगड पायऱ्यांसारखे बाहेर आलेत, कठडा नाही. लोक तिथेच फोटो काढतात, पण लुइझा कोणत्या जिन्यावरून पडली हे कादंबरीत सांगितलेलं नाही. ऑस्टिन १८०४ला कुटुंबासोबत लाइमला राहिली होती.

बाथमधली व्हाइट हार्ट पाडली गेली, त्या जागी आता दुसरी इमारत आहे. पंप रूमच्या समोरच होती. पण पत्र वाचल्यावर दोघं ज्या वाटेने बोलत चालत जातात ती ग्रॅव्हल वॉक अजून आहे, सर्कस आणि रॉयल क्रेसेंट या घरांच्या गोलाकार रांगांच्या मागच्या बाजूने. युनियन स्ट्रीटही आहे. तिथे चार्ल्स मसग्रोव्हला बंदूकवाल्याकडे एक बंदूक बघायला जायचं असतं म्हणून तो अ‍ॅनला वेंटवर्थच्या हवाली करतो. इतक्या साध्या कारणाने त्यांना पहिल्यांदा एकांत मिळतो!

बाथच्या पेठेत उभं राहिलं की सर वॉल्टरही आठवतो. बाँड स्ट्रीटवरच्या दुकानात उभं राहून त्याने ८७ बायका मोजल्या आणि एकही चेहरा धड नव्हता म्हणे. तो माणूस आयुष्यभर बघतच राहिला.


विशाखा_सदाशिव

@ब्रिस्टॉलकर, आणि त्याचे आरसे! अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट केलिंच हॉलमध्ये राहायला आल्यावर पहिल्यांदा त्याच्या खोलीतले मोठमोठे आरसे हलवायला लावतो. स्वतःपासून पळायला जागाच नाही म्हणतो. दोन माणसांमधला फरक एका सामानात दाखवला आहे.

क्रॉफ्ट दांपत्य ही माझी या पुस्तकातली सगळ्यात लाडकी जोडी. अ‍ॅडमिरल घोडागाडी हाकताना खांबाला धडकणार असतो, मिसेस क्रॉफ्ट हात पुढे करून लगाम जरासा वळवतात आणि गाडी निघून जाते. ना आरडाओरडा, ना टोमणा. अ‍ॅन त्याच गाडीत बसली आहे. एरवी तिच्या अवतीभोवती चांगलं लग्न कुठेय? बापाचं नव्हतं, मेरीचं नाही. लग्न असंही असतं हे तिला याच दोघांनी दाखवलं.


पहिलंच_पान

नवी वाचक आहे, तुमच्यामुळे सुरू केली. पाचव्या प्रकरणापर्यंत आले, वेंटवर्थ अजून आलाच नाही. असंच संथ आहे का? आणि तो नक्की कधी बदलतो हे कोणी सांगेल का, उलगडा झालेला चालेल.


मैत्रेयी_वाचते

@पहिलंच_पान, सातव्यात येतो, धीर धर. पहिल्या चार प्रकरणांत अ‍ॅन जितकी बाजूला पडलेली दिसते तितकाच पुढचा प्रत्येक छोटा प्रसंग मोठा होतो, म्हणून ती प्रकरणं घाईने उरकू नकोस.

तो बदलतो लाइमला. किनाऱ्यावरच्या पायऱ्यांशी एक अनोळखी गृहस्थ अ‍ॅनकडे कौतुकाने बघतो, वेंटवर्थ ते टिपतो. मग लुइझा पडते आणि अ‍ॅन कशी आहे ते त्याला पुन्हा दिसतं. पण त्याच वेळी त्याला कळतं की हार्व्हिल आणि सगळे त्याचं लुइझाशी ठरल्यातच जमा धरून बसलेत. स्वतःच्या वागण्याने तो अडकलेला आहे. म्हणून तो भावाकडे श्रॉपशरला निघून जातो. तिथे भाऊ विचारतो, अ‍ॅन बदलली आहे का दिसायला? हे तो नंतर अ‍ॅनला सांगतो आणि वर म्हणतो, माझ्या डोळ्यांना तू कधी बदलूच शकत नाहीस. आता गंमत अशी की तो परत आला त्याच आठवड्यात म्हणाला होता की ती इतकी बदललीय, ओळखूच आली नसती. आणि मेरीने ते लगेच अ‍ॅनच्या कानावर घातलं होतं. अ‍ॅनला ते शब्द पाठ आहेत. ती हसते आणि काही बोलत नाही.


समुद्रपक्षी

शेवटाबद्दल एक प्रश्न मांडतो. कादंबरीतलं कथानक फेब्रुवारी १८१५मध्ये आटोपतं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि जूनमध्ये वॉटर्लू झालं. ऑस्टिनने लिहायला घेतलं ते वॉटर्लूनंतर, म्हणजे तिला हे ठाऊक होतं आणि पहिल्या वाचकांनाही. म्हणून शेवटच्या परिच्छेदात अ‍ॅनच्या सुखावर एकच सावली आहे, पुन्हा लढाई होण्याची भीती. ती कल्पनेतली भीती नाही, पात्रांसाठी ती काही आठवड्यांवर आलेली आहे. १८१५ नंतर मात्र नौदल आटलं, असंख्य अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. वेंटवर्थला पुन्हा जहाज मिळालं असेल असं वाटतं का तुम्हाला? आणि मिळालं तर अ‍ॅन घरी थांबली असेल?


मैत्रेयी_वाचते

घरी? अजिबात नाही. मिसेस क्रॉफ्टने भर बैठकीत सांगितलं आहे की त्या आयुष्यात एकदाच खऱ्या आजारी पडल्या, नवरा उत्तर समुद्रावर आणि त्या एकट्या डील बंदरात राहिल्या त्या हिवाळ्यात. जहाजावर असताना काही झालं नाही. वेंटवर्थ तेव्हा जहाजांवर बायका नेण्याच्या विरुद्ध तावातावाने बोलत होता आणि अ‍ॅन त्याच खोलीत होती. लग्नानंतर हा वाद ती जिंकली असणार. जहाज मिळालं असेल का याबद्दल तुम्हीच लिहा, तुमचा विषय आहे.